डाव्या बाजूचं पाणी

तुम्ही गेलात तेव्हापासून या घरात बसायला येणारी माणसं संपत नाहीत. येतात, भिंतीला टेकून बसतात, चहा नको म्हणतात आणि घेतात. मग तुम्ही कसे होतात ते मलाच सांगतात. मी मान हलवते. उन्हाळा सरता सरता तुम्ही गेलात, आता श्रावण संपत आला, आणि माझी मान अजून हलतेच आहे. खरं सांगू? मी थकले आहे. रडून नाही, रडणं तर फारसं झालंच नाही. ऐकून थकले आहे.

आज कामं बाजूला ठेवून लिहायला बसले ती जीपसाठी. उद्या पोळा. परवा आपली जीप जाणार आहे. नागपूरला एक माणूस आहे, जुन्या जीपगाड्या घेतो, नीटनेटक्या करतो आणि सांभाळून ठेवतो. आपल्या प्रवीणनं त्याला शोधून काढलं. प्रवीणची नोकरी तिकडंच, त्याची स्वतःची पांढरी गाडी आहे, आतून थंडगार. त्याला आपल्या जीपचा राग नाही. पण त्याला ती चालवायचीही नाही, आणि मला ती चालवता येत नाही. तुम्ही शिकवतो म्हणाला होतात. मी म्हणाले होते, आधी गळणं बंद करा, मग शिकते. दोन्ही राहिलं.

प्रवीणला मी एकच अट घातली. गळकी जीप मी या अंगणातून जाऊ देणार नाही.

"आई, तू कायले तरास करून घेऊन राह्यली? तो माणूस आहे तशीच न्याले तयार हाय," प्रवीण म्हणाला.

"तो असंन. मी नाई."

"तो तिकडं सगळंच खोलणार हाय. त्याचा मिस्त्री पाह्यते ना गळतंबिळतं."

"त्याच्या मिस्त्रीच्या पायावर पडलं का पाणी कधी?"

यावर तो गप्प बसला. बोलता बोलता मध्येच गप्प बसायची ही रीत त्यानं तुमच्याकडून घेतली आहे. आता ती घरात कुठं ऐकू आली की मला दचकायला होतं.

तर पाणी. तुम्ही हयातभर कबूल केलं नाही म्हणून पुन्हा एकदा सांगते. पाऊस लागला की थोड्या वेळानं डाव्या सीटच्या पुढं, वरून, डॅशबोर्डाच्या आतून कुठून तरी थेंब सुटायचा. तो बरोबर माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्यावर. मग दुसरा. कामरगावाबाहेरच्या चढापर्यंत धार लागलेली असायची. मी खताच्या रिकाम्या पिशवीत पाय घालून बसायची, तरी साडीचा काठ भिजायचाच. कारंजाला अंगणवाडीच्या मीटिंगला पोचले की बाकीच्या सेविका आधी माझ्या पायांकडं बघायच्या. बाहेर किती पाऊस आहे ते माझ्या काठावरून ओळखायच्या. तुम्ही मात्र उजवीकडं कोरडे ठणठणीत, एक हात स्टिअरिंगवर, दुसऱ्या हातानं काच पुसत.

"जीप गळत नाई. चढताना तुयी चप्पलच ओली होती," तुम्ही म्हणायचे.

"चप्पल ओली होती तर पाणी वरून काहून येते?"

"दम आहे तो. इंजिनाचा दम. थंड झाला की पाणी होते त्याचं."

इंजिनाचा दम. किती वर्षं मी हे ऐकलं. एकदा तर तुम्ही म्हणालात, पाणी तुझ्याच बाजूनं येतं, म्हणजे काही तरी तुझंच असणार. त्या दिवशी मी कारंजापासून घरापर्यंत एक शब्द बोलले नाही. तुम्ही वाटेत थांबून भजी आणलीत. मी खाल्ली, पण बोलले नाही. भजी चांगली होती, हे आज सांगते.

माणसं म्हणतात, किती जीव होता त्यांचा जीपवर. होता. लिलावातून ती तुम्ही आणलीत तेव्हा तिचं हूड फाटलेलं होतं आणि एक दिवा फुटलेला, आणि तुम्ही तिच्याभोवती अशा फेऱ्या घातल्या की सासूबाईंनी मला आत येऊन विचारलं, याने काही घेतलं तर नाही ना? चारही चाकं ओढणारी गाडी पंचक्रोशीत दुसरी नव्हती. काळ्या मातीत ट्रॅक्टर रुतला की तुम्हाला निरोप. मानोऱ्याकडच्या तांड्यावरची माणसं ऊसतोडीला निघाली की भांडी, कोंबड्या आणि पोरांसकट तुम्ही त्यांना रस्त्याला आणून सोडायचे. नाल्याला पाणी असलं तर आधी स्वतः उतरून काठी टेकत पाहायचे, मग गाडी घालायचे. या सगळ्यात तुम्ही फार हुशार. वावरात पाणी साचलं तर तुम्हाला झोप यायची नाही, पावसात फावडं घेऊन चर खणायला जायचे. म्हणायचे, "पाण्याले वाट द्या लागते. अडवलं की ते आपली वाट आपण काढते." हे सोयाबीनसाठी. माझ्या पायासाठी इंजिनाचा दम.

अकोल्याच्या दवाखान्यातलं आपलं शेवटचं बोलणं मी कुणाला सांगितलेलं नाही. कारण लोकांना वाटतं शेवटचं बोलणं काही तरी मोठं असतं. दुपारी अवकाळी आभाळ भरून आलं होतं. खिडकीतून वारा आला, तुम्ही डोळे उघडले आणि विचारलंत, "ताडपत्री टाकली का जीपवर?"

मी म्हणाले, "टाकली. झोपा आता."

तुम्ही डोळे मिटून घेतलेत. मग म्हणालात, "डाव्या बाजूनं नीट खोचली ना?"

मला तेव्हा काही लक्षात आलं नाही. मी हो म्हणाले. नंतर, तुमचं सगळं आटोपल्यावर, एकदा भाकरी थापता थापता माझा हात थांबला. डाव्या बाजूनं. म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. जन्मभर गळत नाही म्हणणाऱ्या माणसाला पाणी कुठून जातं ते चांगलं ठाऊक होतं. मला आधी राग आला. तो राग बरेच दिवस पुरला, आणि खोटं कशाला बोलू, त्या दिवसांत त्याचा आधारच झाला. राग असला की माणूस उठतं, अंगण झाडतं.

मग मी सलीम मिस्त्रीला बोलावलं. तोच तुमचा सलीम, ज्याच्या गॅरेजमध्ये जीप कमी आणि तुम्ही जास्त बसलेले असायचे. तो आला, आधी जीपच्या बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला. मला वाटलं आता हाही सुरू होणार. पण त्यानं नाक ओढलं आणि म्हणाला, "बोला भाभी, काय करू?"

"गळणं बंद करा."

"येच्यात काय हाय. काचेच्या रबराले चारी बाजूनं सिलिकॉन मारून देतो. काम खतम."

"ते यांनी किती वेळा मारलं?"

सलीमनं बोटं मोजायला घेतली आणि मोजणं सोडून दिलं. "हर साल," तो म्हणाला.

"मग तिकडून नाई येत पाणी. खोला."

त्याच्या जिवावर आलं होतं. ऊन नव्हतं, पण दमट फार होतं, आणि जुन्या जीपचे स्क्रू म्हणजे दाढ काढल्यासारखं काम. त्यानं दोनदा सांगून पाहिलं की नागपूरवाला पाहून घेईल. मी खुर्ची आणून जीपजवळ बसले. मग त्यानं निमूटपणे पाने काढले.

आधी माझ्या बाजूची मॅट निघाली. मॅटखाली गोणपाट होतं. गोणपाटाखाली पत्र्याचा एक तुकडा, कोपरे घासून गोल केलेले, म्हणजे पायाला लागू नयेत म्हणून. पत्र्याखाली डांबर. डांबरात रुतलेला एक रेनकोटाचा तुकडा, तो निळा, जो हरवला म्हणून तुम्ही सांगितलं होतंत आणि मी त्यावरून तुम्हाला वेंधळे म्हणाले होते. त्याच्याखाली आणखी एक पत्रा, गंजून जाळी झालेला. एकावर एक, किती पावसाळ्यांचे थर होते ते. माझ्या बाजूचा तळ तुम्ही पुन्हा पुन्हा बांधत होतात. कधी बांधत होतात? मी अंगणवाडीत असताना, दुसरं काय. घरी आले की तुम्ही ओट्यावर बसलेले असायचे, हाताला डांबर. मी विचारलं की म्हणायचे, रस्त्याचं काम चालू आहे तिकडं.

"तुमाले मालूम नव्हतं, भाभी?" सलीमनं विचारलं.

"नाई."

"मले म्हणत होता, बाईले सांगू नको. सांगितलं त म्हणीन, मी म्हणत नव्हते का."

मी म्हटलंच असतं. शंभर वेळा म्हटलं असतं. तुम्ही मला बरोबर ओळखून होतात, आणि एवढ्या एका वाक्याच्या भीतीनं तुम्ही चोरून डांबर ओतत राहिलात. मी तिथं खुर्चीवर बसून हसले, आणि हसता हसताच पहिल्यांदा नीट रडले. सलीम चाकाकडं बघत बसला. चांगला माणूस आहे.

पण तळ बांधून पाणी थांबतं का? पाणी येत होतं वरून. सलीमनं डॅशबोर्डाखालचं झाकण काढलं, टॉर्च मारला, आणि मग आम्हाला कळलं की या गाडीत अशी काही सोय आहे. काचेच्या खाली, बॉनेट संपतं तिथं ती लोखंडी जाळी आहे ना, आत हवा यायची, त्या जाळीतून पावसाचं पाणीही आत जातं. गाडी बनवणाऱ्याला ते माहीत होतं. त्यानं जाळीखाली पन्हाळी दिली आणि पन्हाळीच्या दोन्ही टोकांना एक एक रबरी नळी. पाणी नळीतून खाली, पुढच्या चाकामागून जमिनीवर. साधा हिशेब. उजवी नळी तडकलेली होती, पण मोकळी होती. डावी मोकळी नव्हती. आणि ती का नव्हती हे सांगायच्या आधी मला खांदशेकणीचं बोललं पाहिजे.

गुडघ्यांमुळं तुम्ही शेवटची बैलजोडी विकलीत त्या वर्षी पोळा जवळ आला तसे तुम्ही घरात जेवेनासे झालात. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकायचे असतात. हळद-तूप कालवायचं, पळसाच्या पानानं खांद्याला चोळायचं, आणि बैलाच्या कानाशी म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. वर्षभर ज्या खांद्यानं ओढलं, त्याचे उपकार एका संध्याकाळी फेडायचे. गोठा रिकामा. मी तरी सवयीनं हळद-तूप कालवलं आणि वाटी हातात घेऊन उभी राहिले. तुम्ही गोठ्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणालात, "आण इकडं. ओढणारी उभी हाय ना अंगणात."

आणि जीपच्या खांद्यावरून आपलं भांडण तिथंच सुरू झालं. मी म्हणाले, खांदा म्हणजे जिथून ओढतात ती जागा, पुढचा बंपर, जिथं तुम्ही दोर बांधता. तुम्ही म्हणालात, "बैलाचा खांदा कुठी असते? डोक्याच्या मागं. जीपचं डोकं कोणतं? बॉनेट. मंग त्याच्या मागं काय हाय?" त्याच्या मागं ती जाळी. तुम्ही तिथं हळद-तूप चोळलंत. पळसाचं पान मोडेपर्यंत चोळलंत. दुसऱ्या दिवशी बैलांच्या रांगेत, तोरणाखाली, सगळ्यात शेवटी आपली जीप उभी, शिंगांऐवजी आरशांना बेगड. माणसं हसली. कोणी तरी म्हणालं, याचा बैल डिझेल पेते. तुम्हीही हसलात. घरी येऊन मी जीपसमोर नैवेद्याची पुरणपोळी ठेवली आणि थोड्या वेळानं पाहिलं तर तिच्या वाट्याची पोळी तुम्ही खात होतात.

"तिले कुठी दात हाय," म्हणालात.

दर वर्षी तेच. वाटी माझ्या हातात, पान तुमच्या हातात, आणि खांदा कुठं यावर भांडण. मी बंपर म्हणायची, तुम्ही जाळी म्हणायचे, आणि लावायचे जाळीवरच. आपलं अंगण डावीकडं उतरतं. तूप पातळ होऊन डावीकडंच जायचं. ते कुठं जातं हा प्रश्न आपल्याला दोघांनाही कधी पडला नाही.

सलीमनं डावी नळी उपटली तेव्हा तिचं वरचं टोक वाळक्या काडीसारखं मोडलं आणि मधला भाग फुगून चिकट झालेला, बोटाला काळा लागला. "तुपानं रबर सडते, भाभी," तो म्हणाला, पण हे तो मला नाही, स्वतःलाच सांगत होता, कारण त्यालाही आत तूप कसं आलं ते समजेना. त्यानं तार घालून नळी पोकळ करायला घेतली. आतून जे निघालं ते मी परातीत घेतलं. काळं, घट्ट, आणि फोडलं तर आत पिवळं. हळद. पळसाच्या पानाचे देठ. मेलेल्या मुंग्यांचा लगदा. इतक्या वर्षांच्या खांदशेकण्या त्या वीतभर नळीत बसल्या होत्या. आणि कमी म्हणून की काय, नळीचं खालचं तोंड तुम्ही चाकामागून डांबरानं बंद केलेलं. नाल्यातून जाताना तिकडून पाणी चढतं असा तुमचा समज असणार. वरून तूप, खालून डांबर. मग पाणी काय करेल? तुमच्याच शब्दांत, आपली वाट आपण काढली त्यानं. ती वाट माझ्या अंगठ्यावरून गेली.

मी परात मांडीवर घेऊन बसले होते आणि मला कळत होतं की मी जिंकले आहे. इंजिनाचा दम नव्हता. चप्पल ओली नव्हती. खांदा जाळीवर नव्हता, मी बंपर म्हणत होते, आणि बंपरवर लावलं असतं तर तुपाचा एक थेंब आत आला नसता. आपल्या संसारातलं सगळ्यात लांबलेलं भांडण मी पुराव्यानिशी जिंकले, आणि मान वर करून उजव्या सीटकडं पाहिलं. हे कोणाला सांगू मी आता? प्रवीणला सांगितलं तर तो हसला, बरं झालं म्हणाला आणि फोनवर बोलायला गेला. जिंकल्यावर समोर तोंड पाडलेलं माणूस लागतं. तुमचं पडलेलं तोंड मला किती हवं होतं त्या दिवशी, हे लिहिताना लाज वाटत नाही.

नवी नळी मिळायला वेळ गेला. या गाडीचे भाग आता कोणी ठेवत नाही. सलीम म्हणाला कूलरची पारदर्शक नळी लावू. मी नको म्हणाले. आपल्या उन्हाळ्यात कूलरची नळी दुसऱ्या वर्षी कडकड वाजते. शेवटी प्रवीणच्या गाडीतून आम्ही वाशीमला गेलो. ट्रॅक्टरच्या सामानाच्या दुकानात जाड रबरी पाइप मिळाला, आतून सुताचं विणकाम असलेला. जुन्या नळीचा तुकडा मी रुमालात बांधून नेला होता, तोंड मापायला. दुकानदारानं हुंगून पाहिला आणि विचारलं, "मावशी, याच्यात पुरण भरलं होतं का?"

मी म्हणाले, जवळजवळ. प्रवीण इतका हसला की त्याला बाहेर जावं लागलं. परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. त्यालाही अधूनमधून असं काही तरी निमित्त लागतं.

काल सलीमनं दोन्ही नळ्या बसवल्या. आधी पन्हाळी गरम पाण्यानं आणि सोड्यानं धुतली, त्यात माझाच हात होता, त्याचा पंजा आत जात नव्हता. नळी वर घट्ट बसवून क्लिप आवळली. खाली उतरताना मध्ये झोळ राहू दिला नाही, कारण झोळ राहिला तर तिथं पाणी आणि कचरा थांबतो. चाकामागं टोक तिरपं कापून मोकळं सोडलं. जाळीच्या आतून बारीक तारेची चाळणी लावली, पानं अडकायला. मी मध्ये मध्ये बोलत होते आणि सलीम हो भाभी, हो भाभी करत होता. मग मी माझ्या सीटवर जाऊन बसले. चप्पल काढली. खताची पिशवी घेतली नाही.

"टाका," म्हणाले.

त्यानं काचेवर बादली ओतली. मग दुसरी. प्रवीणनं मोटारीचा पाइप आणला आणि तो पाऊस पाडत उभा राहिला. काचेवरून पाणी धो धो येत होतं, बाहेरचं काही दिसत नव्हतं, अगदी त्या चढावर असायचं तसं. खाली डाव्या चाकामागं धार पडत असल्याचा आवाज आला. मी पायाकडं बघत बसले. अंगठा कोरडा. पाऊल कोरडं. साडीचा काठ कोरडा. जे मागता मागता माझं वय गेलं ते मला मिळालं, आणि मला ते नको होतं. मला तिथं पाणी हवं होतं. ओल्या पायानं तुमच्याशी भांडत कारंजाला जायचं होतं. मी हे तोंडानं बोलले नाही, पण प्रवीणनं पाइप बंद केला, दारापाशी आला आणि आतल्या कोरड्या पायांकडं बघत म्हणाला, "आई, त्या माणसाले नाई म्हणून सांगू का? ठेवू या जीप."

मी खूप वेळ विचार केला, असं सांगायला बरं वाटेल, पण तसं झालं नाही. मी थकले होते. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, टायर बसतात, उंदीर वायरी खातात. तिला ओढायची सवय. तिला निंबाखाली बसवून ठेवणं म्हणजे आपल्या समाधानासाठी तिला आजारी पाडणं.

"जाऊ दे," मी म्हणाले. "कोरडी जाऊन राह्यली. बस झालं."

आता संध्याकाळ झाली. मघाशी मी लिहिणं थांबवून उठले होते. गावात बैल धुऊन आणले आहेत, घुंगरांचे आवाज येतात. सवयीनं हळद-तूप कालवलं. वाटी हातात घेतली आणि अंगणात जाऊन उभी राहिले. दर वर्षी वाटी मी धरायची आणि लावायचे तुम्ही. यंदा वाटी प्रवीणच्या हातात दिली. पळसाचं पान मी घेतलं.

"कुठी लावतं?" त्यानं विचारलं.

जाळीवर लावायचं नव्हतं. नव्या नळीला तुपाचा थेंब लागू देणार नाही, हे मी सलीमला कबूल केलं आहे. मग बंपर. वाकले, पान पुढं नेलं, आणि हात चालेना. बंपर तर माझा खांदा होता, भांडणातला. समोरून तुम्ही 'नाई' म्हणणार नसाल तर त्याला लावण्यात काय अर्थ आहे. मी जीपला एक फेरी घातली. मग उजवीकडचं दार उघडलं. तुमच्या सीटची पाठ, वरच्या बाजूला, जिथं तुम्ही पाठ टेकायचे, तिथलं रेक्झिन झिजून आतलं कापड दिसतं. एवढी वर्षं मी डावीकडं बसले, ती जागा मला कधी दिसलीच नाही, तिथं कायम तुम्ही होतात. ट्रॅक्टर, तांडा, सोयाबीन, आम्ही सगळे, जे काही ओढलं गेलं ते तिथूनच.

मी तिथं हळद-तूप लावलं. पान मोडेपर्यंत चोळलं. प्रवीण वाटी धरून उभा होता. उद्या पुरण घालणार आहे. जीपच्या वाट्याची पोळी ठेवणार आहे, आणि ती खायला कोणी नाही हे मला माहीत आहे. तरी मी सीटच्या कानाशी वाकले आणि जे म्हणायचं असतं ते म्हणाले.

आज आवतन घ्या. उद्या जेवाले या.